जुन्या गाडीच्या इंजिनावर टायमिंगची खूण घरी कशी करावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत अजून कितीतरी घरांच्या पडवीत, मांगरात फियाट, ॲम्बेसेडर नाहीतर जीप उभी आहे. एकेकाळी गणपतीला मुंबईहून माणसं भरून गावी यायची ती हीच गाडी. आता घरातलं कोणीतरी ती पुन्हा रस्त्यावर आणायला बसतं आणि टायमिंगपाशी अडतं, कारण पुलीवर खूणच दिसत नाही. असे प्रश्न मला सतत येतात. पुन्हा पुन्हा आलेले इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात सांगितलेलं दुसरीकडे पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टायमिंगची खूण म्हणजे नेमकं काय? ती नसली तर काय बिघडतं?

प्लगमध्ये ठिणगी पडल्याबरोबर सगळं पेट्रोल एकदम जळत नाही, जळायला थोडा वेळ लागतो. म्हणून पिस्टन अगदी वर पोचण्याच्या थोडं आधी ठिणगी पडावी लागते. हे 'थोडं आधी' क्रँकच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, डिग्रीत मोजतात. क्रँकच्या पुढच्या टोकाला फॅन बेल्टची पुली असते. तिच्यावर एक खूण आणि तिच्यासमोर इंजिनाला घट्ट बसवलेला एक काटा, एवढीच ही व्यवस्था. खूण काट्यासमोर आली की एक नंबरचा पिस्टन टॉपला, म्हणजे सगळ्यात वरच्या जागी, आला असं समजायचं. फियाट आणि ॲम्बेसेडरमध्ये एक नंबर म्हणजे रेडिएटरकडचा सिलिंडर.

खूण नसेल तर टायमिंग कानानं लावावं लागतं. ठिणगी उशिरा पडली तर गाडी चढावर मरते आणि तापते. फार लवकर पडली तर इंजिन ठोकतं, आणि तसंच ठोकत चालवलं तर पिस्टन जातो.

२. कंपनीनं खूण दिलेली असतेच ना? मग घरी कशाला करायची?

असते. ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाच्या पुलीला खाच असते आणि टायमिंग कव्हरवर काटे. पण चाळीस-पन्नास वर्षांत पुली बदललेली असते, कव्हर दुसऱ्या इंजिनाचं आलेलं असतं, काटा वाकलेला असतो, नाहीतर सगळं गंजाखाली गेलेलं असतं. काही पुल्यांमध्ये आतला आणि बाहेरचा भाग यांच्यामध्ये रबर असतं. ते रबर सुटलं की बाहेरची कडी खुणेसकट सरकते.

माझ्या फियाटला पूर्वी कधीतरी दुसरी पुली बसली होती. मी दोनदा अगदी खुणेवर टायमिंग लावलं, तरी आंबा घाटात तिसऱ्या गियरला ठोके यायचेच. शेवटी टॉप शोधून पाहिला, तर खूण आठ डिग्रीनं खोटी निघाली. तेव्हापासून सगळ्यांना एकच सांगतो : खूण दिसत असली तरी एकदा तपासा. जुनी खूण खरी निघाली तर नवी करायची गरज नाही, तीच रंगवून घ्या.

३. सामान काय लागेल?

एक जुना निकामी प्लग, त्यातून जाईल असा बोल्ट आणि त्याचे दोन नट, त्रिकोणी कानस, कागदाची लांब पट्टी, मिलिमीटरची पट्टी, दीड-दोन मिलिमीटर जाडीचा पत्र्याचा तुकडा, पांढरा ऑइल पेंट आणि १२ व्होल्टचा छोटा बल्ब. बोल्ट पितळेचा मिळाला तर उत्तम. पितळ लोखंडापेक्षा मऊ असल्यानं पिस्टनवर ओरखडे कमी पडतात. मिरकरवाडा, हर्णै, मालवण इथे बोटीचं सामान विकणाऱ्यांकडे पितळी बोल्ट मिळतात.

४. टॉप नेमका कसा शोधायचा?

सगळ्या कामाचा पाया हा आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

टॉपजवळ पिस्टन जवळजवळ थांबलेला असतो. क्रँक टॉपपासून ५ डिग्री फिरला तरी फियाट किंवा ॲम्बेसेडरचा पिस्टन फक्त ०.२ मिलिमीटरच्या आसपास खाली येतो. एवढा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि बोटालाही कळत नाही. त्यामुळे 'सगळ्यात वरची जागा' थेट शोधायला गेलात तर पाच डिग्रीची चूक सहज होते. त्याऐवजी टॉपच्या अलीकडे आणि पलीकडे पिस्टन सारख्याच उंचीवर अडवायचा आणि दोन्ही खुणांचा मध्य काढायचा. पिस्टन तिथे वेगानं सरकत असल्यामुळे या दोन जागा चांगल्या स्पष्ट सापडतात.

अडवण्यासाठी जुन्या प्लगचं पोर्सलिन फोडून काढा. तुकडे डोळ्यांत उडतात, चष्मा लावा. प्लगच्या लोखंडी अंगातून बोल्ट घालून वर-खाली नटांनी पक्का करा. बोल्टचं टोक कानशीनं गोल करा. सिलिंडरमधली हवा निघायला वाट हवी, म्हणून बोल्टला लांबीच्या दिशेनं आरपार बारीक भोक पाडून घ्या. ते जमत नसेल तर लेथवाल्याकडून करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

आता बॅटरीची वायर काढा, चारही प्लग काढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चाकांना दगड लावा. एक नंबर कॉम्प्रेशनवर आणा (प्रश्न ६). पिस्टन टॉपच्या बराच खाली असताना हा अडसर प्लगच्या जागी पूर्ण बसवा आणि हँडलनं किंवा क्रँकच्या नटावर पाना लावून हलक्या हातानं, इंजिन चालताना फिरतं त्याच दिशेनं फिरवा. पिस्टन टेकला की थांबा. पिस्टन न टेकता पलीकडे गेला तर बोल्ट थोडा लांब करून पुन्हा सुरू करा. टॉपच्या साधारण ५ ते ८ मिलिमीटर खाली तो टेकायला हवा. काट्यासमोर (प्रश्न ९) पुलीवर पेन्सिलीची पहिली रेघ मारा.

यानंतर बहुतेक जण क्रँक उलटा जवळजवळ पूर्ण फेरी फिरवतात. तसं करू नका. उलट फिरवल्यावर दुसऱ्या बाजूला पोचता तेव्हा इनटेक व्हॉल्व्ह उघडलेला असतो आणि तो बोल्टला लागू शकतो. अडसर काढा, क्रँक पुढे फिरवून पिस्टन टॉपच्या पलीकडे चांगला खाली न्या, अडसर तितकाच लांब ठेवून तोच वॉशर घालून पुन्हा बसवा, आणि आता क्रँक मागे आणा. पिस्टन टेकला की दुसरी रेघ. दोन्ही वेळा व्हॉल्व्ह बंदच राहतात. दोन रेघांमधल्या जवळच्या अंतराचा मध्य म्हणजे टॉप.

अडसर आत असताना स्टार्टर कधीही मारू नका. गाडी गियरमध्ये टाकून ढकलूही नका. दोन्हींत जोर इतका लागतो की पिस्टनला भोक पडतं.

५. प्लगच्या भोकात माडाचा हीर (झावळीच्या पातीची काडी) घालून टॉप बघितला तर चालेल का?

पिस्टन साधारण वर आला का, एवढंच बघायचं असेल तर चालेल. खूण करण्यासाठी नाही. कारण वरच्या उत्तरात आहे : टॉपजवळ हीर हलतच नाही. शिवाय वाळलेला हीर तिरका अडकून आत मोडतो. ओला, लवचीक हीर घ्या, वरून हाताने धरून ठेवा आणि क्रँक दुसऱ्या माणसाला फिरवायला सांगा. तुकडा आत पडलाच तर पिस्टन वर आणून चिमट्यानं काढा. तो निघेपर्यंत स्टार्टर मारू नका.

६. एक नंबर कॉम्प्रेशनवर आहे की एक्झॉस्टवर, कसं ओळखायचं?

चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा टॉपला येतो, ठिणगी मात्र एकदाच, कॉम्प्रेशनला, म्हणजे हवा दाबली जाते तेव्हा पडते. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून क्रँक फिरवा. हवा अंगठा ढकलून बाहेर आली तर कॉम्प्रेशन. दुसरा उपाय टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हवरचं झाकण) उघडून : चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना, म्हणजे एक बंद होत असताना दुसरा उघडायला लागलेला दिसला, की एक नंबर ठिणगीच्या टॉपला आहे. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्यामुळे एक आणि चार नेहमी जोडीनं वर येतात.

७. डिग्रीच्या रेघा पुलीवर किती अंतरावर मारायच्या?

पुलीचा व्यास मोजायच्या भानगडीत पडू नका, परीघ मोजा. कागदाची पट्टी पुलीच्या बाहेरच्या कडेला घट्ट गुंडाळा आणि जिथे टोक चढतं तिथे कापा. तिची लांबी ३६० नं भागली की एका डिग्रीचं अंतर मिळतं. समजा पट्टी ३९६ मिलिमीटर निघाली, तर एक डिग्री म्हणजे १.१ मिलिमीटर आणि १० डिग्री म्हणजे ११ मिलिमीटर. पुलीचा व्यास ११४.६ मिलिमीटर असेल तर एक डिग्री बरोबर एक मिलिमीटर येते. जाड मार्करची रेघच एका डिग्रीएवढी होते, म्हणून बारीक टोकाची पेन्सिल वापरा.

०, ५, १०, १५, २० एवढ्या रेघा पुरतात. पट्टीची बरोबर अर्धी घडी घालून १८० डिग्रीचीही एक रेघ मारून ठेवा. दोन आणि तीन नंबर तिथे टॉपला येतात, टॅपेट लावताना ती उपयोगी पडते.

८. रेघा टॉपच्या कोणत्या बाजूला मारायच्या? मी मारल्या आणि सगळं उलटं झालं.

ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि ती करणारा माणूस निष्काळजी असतो असं अजिबात नाही. गोष्टच फसवी आहे.

समोरून पाहिलं तर ही इंजिनं घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतात. आता दोन वेगळ्या पद्धती लक्षात घ्या. काटा एकच असेल आणि रेघा फिरणाऱ्या पुलीवर असतील, तर 'टॉपच्या १० डिग्री आधी'ची रेघ काट्यासमोरून आधी जायला हवी आणि टॉपची नंतर. म्हणजे ती टॉपच्या रेघेपासून घड्याळाच्या दिशेनं पुढे येते. याउलट पुलीवर एकच खाच असेल आणि डिग्रीची पट्टी स्थिर कव्हरवर असेल, तर खाच आधी १० च्या रेघेपाशी आणि मग शून्यापाशी पोचायला हवी. म्हणून १० ची रेघ शून्याच्या घड्याळाच्या उलट दिशेला येते. एका पद्धतीचं चित्र पाहून दुसऱ्या पद्धतीनं रेघा मारल्या की १० डिग्री आधीच्या जागी १० डिग्री नंतर होतं. फरक २० डिग्रीचा, गाडी जागेवरून धड हलणार नाही.

पाठ करण्यापेक्षा क्रँक हातानं चालत्या दिशेनं फिरवा आणि डोळ्यांनी बघा. काट्यासमोर १० आधी आणि शून्य नंतर आलं पाहिजे. रेघ रंगवण्याआधी हे दोनदा करा.

९. काटा कशाचा करायचा आणि कुठे बसवायचा?

टायमिंग कव्हरच्या एखाद्या बोल्टखाली, दिव्याचा उजेड आणि तुमची नजर दोन्ही पोचतील अशा जागी. दीड-दोन मिलिमीटर पत्र्याचा काटा टोकदार कापा आणि टोक पुलीपासून एक-दोन मिलिमीटरवर ठेवा. लांब राहिला तर तिरकं पाहताना दोन-तीन डिग्रीचा फरक पडतो. सायकलची स्पोक वळवून केलेला काटा मी पाहिला आहे. चालत्या इंजिनावर तो थरथरतो. पत्रा घालून बोल्ट आखूड पडत असेल तर तेवढाच लांब बोल्ट लावा, नाहीतर कव्हरमधून तेल गळायला लागेल. काटा प्रश्न ४ मधलं काम करण्याआधी बसवा, नंतर नाही. टॉप काढल्यावर काटा हलला तर सगळं पुन्हा करावं लागतं.

१०. खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात खूण टिकत नाही. उपाय काय?

चिकटपट्टी, स्टिकर, छापील कागद, व्हाइटनर यांतलं काहीच आपल्याकडे एक पावसाळा काढत नाही. टॉपच्या रेघेवर आणि १० च्या रेघेवर त्रिकोणी कानशीनं अर्धा मिलिमीटर खोल खाच मारा, पेट्रोलनं पुसून वाळवा, ऑइल पेंट भरा आणि वरचा रंग पुसून टाका. खाचेत रंग राहतो. रंग गेला तरी खाच राहते. टॉपला पांढरा आणि डिग्रीला पिवळा रंग दिला तर गोंधळ होत नाही. छिन्नी-हातोड्यानं खूण पाडू नका, तो मार थेट क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगला लागतो.

काट्यासाठी ॲल्युमिनियम टाळा. मिठाच्या ओलाव्यात लोखंडाला चिकटलेलं ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन खात जातं. जीआय पत्रा घ्या, कापलेल्या कडांना प्रायमर लावा.

११. टायमिंग लाईट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) नाही. नुसत्या बल्बवर टायमिंग लागतं का?

लागतं, आणि पॉइंटच्या गाडीला चांगलं लागतं. डिस्ट्रीब्युटर म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा भाग, त्यात फिरतो तो रोटर आणि उघडझाप करतात ते पॉइंट. पॉइंट उघडले की ठिणगी पडते. आधी पॉइंटचा गॅप फिलर गेजनं लावून घ्या. गॅप वाढला की टायमिंग पुढे जातं, म्हणून हा क्रम उलटा करून चालत नाही. ॲम्बेसेडरच्या लुकास डिस्ट्रीब्युटरला ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. मग कॉइलच्या डिस्ट्रीब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला बल्बची एक वायर आणि दुसरी बॉडीला लावा. क्रँक चालत्या दिशेनं फिरवत हवी ती डिग्री काट्यासमोर आणा. पुढे गेलात तर चौथाई फेरी मागे जाऊन पुन्हा पुढे या, म्हणजे चेनचा ढिलेपणा मध्ये येणार नाही.

इग्निशन चालू करा. डिस्ट्रीब्युटरचा क्लँप ढिला करून बॉडी रोटरच्या दिशेनं फिरवा, बल्ब विझेल. आता रोटरच्या उलट दिशेनं अगदी हळू आणा. बल्ब पेटला त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथेच क्लँप आवळा. पॉइंट बंद असताना इग्निशन उगाच चालू ठेवू नका, कॉइल तापते.

१२. टायमिंग लाईट आहे. वापरताना काय सांभाळायचं?

व्हॅक्यूमची नळी डिस्ट्रीब्युटरपासून काढून बंद करा आणि आयडलिंग कमी ठेवा. नाहीतर आतली वजनं उघडतात आणि टायमिंग आहे त्यापेक्षा पुढे दिसतं. दिव्याचा क्लँप एक नंबरच्या प्लगच्या वायरला लावा.

सर्वात महत्त्वाचं : या दिव्याच्या उजेडात फिरता पंखाही थांबल्यासारखा किंवा हळू फिरतोय असा दिसू शकतो. हात, लुंगीचं टोक, ओढणी, गळ्यातली साखळी दूर ठेवा. आणि पाऊस आहे म्हणून दार लावून मांगरात इंजिन चालवू नका. सायलेन्सरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि तो माणूस मारतो.

१३. माझ्या गाडीला किती डिग्री ठेवायचं? इथेनॉलच्या पेट्रोलनं काही बदलतं का?

आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातला घ्या. एकाच नावाच्या गाडीला वेगवेगळ्या वर्षी वेगळं कॉम्प्रेशन आणि वेगळा डिस्ट्रीब्युटर आलेला आहे, त्यामुळे शेजाऱ्याच्या पद्मिनीचा आकडा तुमच्या पद्मिनीला लागू होईलच असं नाही.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याचा ऑक्टेन जास्त असल्यानं ठोके त्यामुळे वाढत नाहीत, पण मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं. गाडी झटके देऊ लागली तर आधी कार्ब्युरेटर पाहा, टायमिंग फिरवू नका. पुस्तकातल्या आकड्यावर लावल्यावर कुंभार्ली किंवा आंबोली घाटात पूर्ण माणसं भरून चढवा. ठोके आलेच तर एक-दोन डिग्री मागे घ्या आणि तो आकडा बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेवा.

१४. लाईटमध्ये खूण एका जागी थांबत नाही, नाचते. खूण चुकली का?

खूण चुकलेली असती तर ती चुकीच्या जागी स्थिर दिसली असती. नाचत असेल तर दोष डिस्ट्रीब्युटरमध्ये किंवा टायमिंग चेनमध्ये आहे. डिस्ट्रीब्युटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. हलत असेल तर बुश गेला. पक्की तपासणी अशी : क्लँप एकवरून काढून चार नंबरच्या वायरला लावा. एक आणि चार जोडीनं वर येत असल्यानं खूण त्याच ठिकाणी दिसली पाहिजे. दोन-चार डिग्री सरकून दिसली तर शाफ्ट किंवा कॅम झिजला आहे.

१५. जुन्या जीपला प्रश्न ४ मधली पद्धत चालते का?

व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला असलेल्या इंजिनाला नाही. तिथे प्लग पिस्टनच्या डोक्यावर नसून व्हॉल्व्हकडे सरकलेला असतो, त्यामुळे बोल्ट पिस्टनऐवजी व्हॉल्व्हला भिडेल. आधी फ्लायव्हीलवर खूण आहे का ते बेलहाउसिंगच्या छोट्या खिडकीतून पाहा. नसेल तर पुढच्या वेळी हेड निघेल तेव्हा डायल गेज लावून टॉपच्या दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर रेघा मारा आणि मध्य काढा. तत्त्व तेच आहे.

१६. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावलं आहे. बल्ब चालेल?

नाही. टायमिंग लाईटच वापरा. खूण मात्र हीच लागते.

१७. माझी ॲम्बेसेडर डिझेल आहे.

डिझेलला प्लगची ठिणगी नाही, म्हणून हे टायमिंगही नाही. तिथे पंपाचं टायमिंग असतं, ते वेगळं काम आहे.

१८. खूण तपासून पक्की केली, पण डिस्ट्रीब्युटर पूर्ण फिरवला तरी टायमिंग त्या आकड्यावर येत नाही. नळीला किंवा बॉडीला अडतो.

म्हणजे डिस्ट्रीब्युटरखालचा ड्राइव्ह गियर एक दात पुढे किंवा मागे बसला आहे. इंजिन उतरवून पुन्हा भरलेल्या गाड्यांत हे बऱ्याचदा दिसतं. आतापर्यंत टायमिंग कानानं लावलेलं असल्यामुळे ते लक्षात आलेलं नसतं. एक नंबर कॉम्प्रेशनच्या टॉपला आणा, कॅप काढा आणि रोटर कुठे बघतोय त्याचा फोटो काढून ठेवा. मग गियर बाहेर काढून एक दात फिरवून बसवा. बसताना तिरक्या दातांमुळे तो थोडा फिरतो, तेवढं आधीच मागे धरून घाला. रोटर कॅपच्या ज्या टोकाकडे बघेल तिथून एक नंबरची वायर सुरू करा आणि रोटरच्या दिशेनं १-३-४-२ लावा. व्हॅक्यूमचा डबा दोन्ही बाजूंना थोडा फिरेल एवढी जागा राहिली की प्रश्न ११ पासून पुढे काम करा.